कुंपणालगतची दोन फूट जमीन

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रस्त्याची गर्दी मागे टाकून घंटाळी, विष्णूनगर किंवा ब्राह्मण सोसायटीच्या आतल्या गल्ल्यांत शिरलं, की मातीला इथे किती थोडी जागा उरली आहे ते दिसतं. बंगल्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या, आता त्या पाडून टॉवर उभे राहताहेत. अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, परसात गाड्या लागल्या. उघडी माती राहिली ती बहुतेक ठिकाणी कुंपणाच्या भिंतीलगतची, दीड-दोन फुटांची पट्टी. गल्लीतली बरीचशी हिरवाई आता या पट्टीच्या भरवशावर आहे.

या पट्टीत काय लावायचं, हे मात्र बहुधा घाईत ठरतं. इमारतीला रंग लागतो, सोसायटीच्या सभेत झाडं लावायचा ठराव होतो, दोघं-तिघं नर्सरीत जातात आणि त्या दिवशी जे फुललेलं दिसेल ते घेऊन येतात. तीन वर्षांत त्यातलं काही सावलीत खुरटतं, काही पावसाळ्यात मुळाशी कुजतं आणि एखादं इतकं फोफावतं की भिंतीलाच तडा जातो. ‘कुंपणच शेत खातं’ असं आपण माणसांबद्दल म्हणतो. झाड चुकलं तर ते कुंपणाबद्दलही खरं होतं.

हे टाळायचं तर क्रम बदलायला हवा. आधी जागा समजून घ्यायची, मग तिला पेलणारं झाड शोधायचं. त्यासाठी काम, ऊन, माती आणि अंतर या चार गोष्टी पाहाव्या लागतात. या चारांची उत्तरं हातात असली, की नर्सरीतल्या शेकडो रोपांमधून आपल्या कामाची पाच-सहाच उरतात आणि निवड सोपी होते.

कुंपणाला काम काय?

कोकणात कुंपण म्हणजे पूर्वीपासून दोन गोष्टींची जोड. दगडाचा गडगा किंवा काट्याकुट्यांची वई, आणि तिच्या सोबतीला जिवंत झाडं. निवडुंग, शेर, मोगली एरंड, सागरगोटा, करवंद ही झाडं गुरांना रोखायची म्हणून लावली जात. त्यांच्यात काटे, विषारी चीक किंवा कडू पान, यांपैकी काहीतरी असायचंच. आज नौपाड्यात गुरं रोखायची नाहीत. आता लोकांना आडोसा हवा असतो, धूळ अडायला हवी असते, पूजेला फुलं हवी असतात, कोणी भिंतीवरून उडी मारू नये असंही वाटत असतं.

या प्रत्येक कामाचं झाड वेगळं आहे. तळमजल्याच्या खिडकीला आडोसा हवा तर जमिनीपासून दाट, बारमाही हिरवं आणि छाटणी सोसणारं झुडूप लागतं. फुलं हवी असतील तर सतत छाटणी चालत नाही, कारण जास्वंदीसारख्या झाडाच्या कळ्या नव्या फुटीच्या टोकांवरच येतात आणि दर महिन्याला कात्री चालली तर त्या सगळ्या कचऱ्यात जातात. सुरक्षेसाठी काटेरी झाड हवं, पण ज्या बाजूने शाळेची मुलं भिंतीला घासून जातात तिथे ते नको. आवाजाबद्दल मात्र आधीच स्पष्ट असलेलं बरं. झुडपांची एक ओळ रस्त्याचा गोंगाट फारसा कमी करत नाही, त्यासाठी कित्येक मीटर रुंद दाट लागवड लागते. धूळ मात्र ती ओळ खरोखर पानांवर झेलते आणि पहिल्या पावसात ती धुऊन निघते.

भिंतीची प्रत्येक बाजू वेगळी धरा आणि प्रत्येकीसमोर तिचं एकच मुख्य काम लिहा. एका झाडाकडून सगळीच कामं मागितली, की त्यातलं एकही धड होत नाही.

ऊन कुठून येतं, किती वेळ राहतं

ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, असे वर्षातून दोनदा इथे शून्य सावलीचे दिवस येतात आणि भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, पण नेमके तेव्हा बरेच दिवस ढगाळ जातात. उरलेले जवळजवळ साडेनऊ महिने तो दक्षिणेला असतो. म्हणजे पूर्व-पश्चिम धावणाऱ्या भिंतीची दक्षिण बाजू उन्हाची आणि उत्तर बाजू सावलीची, असा ढोबळ नियम धरता येतो.

ही सावली किती लांब पडते? डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. तेव्हा पाच फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे साडेचार फुटांवर जाते, म्हणजे त्या बाजूची आपली दोन फुटांची पट्टी पूर्ण सावलीत असते. सातमजली, २१ मीटर उंचीची इमारत त्याच वेळी जवळपास १९ मीटर सावली टाकते. नौपाड्यातल्या अनेक कुंपणांचं ऊन ठरतं ते स्वतःच्या भिंतीपेक्षा शेजारच्या टॉवरवर.

मोजायची पद्धत साधी आहे. एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता पट्टीवर कुठे ऊन आहे ते खडूने भिंतीवर टिपा. हेच एकदा थंडीत आणि एकदा मेमध्ये करा. सहा तास किंवा जास्त ऊन म्हणजे पूर्ण उन्हाची जागा, तीन ते पाच तास म्हणजे अर्ध्या उन्हाची आणि त्याहून कमी म्हणजे सावलीची. शेजारी पुनर्विकास ठरला असेल तर तोही धरा. आज ऊन मिळणारी जागा दोन वर्षांनी सावलीत जाणार असेल, तर आत्ताच अर्ध्या उन्हात टिकणारं झाड निवडावं.

तीन तासांचं ऊन सगळीकडे सारखं नसतं, हेही पाहा. सकाळचं कोवळं ऊन पानाला मानवतं. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीननंतर पडणारं ऊन तापलेल्या सिमेंटमधून संध्याकाळपर्यंत परत फेकलं जातं आणि नाजूक पानाच्या कडा करपतात.

भिंतीजवळची माती ही बागेची माती नसते

कुंपणाजवळ फावडं मारलं की पहिला आवाज विटेचा येतो. बांधकामाच्या वेळचं राबिट, वाळू, सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे बहुधा तिथेच पुरलेले असतात. सिमेंट आणि चुना मातीला अल्कधर्मी करतात. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग एक्झोरा, अनंत यांसारख्या आम्लधर्मी माती आवडणाऱ्या झाडांची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माळी खत वाढवतो, पाणी वाढवतो, तरी पिवळेपणा जात नाही, कारण दुखणं भुकेचं नसून मातीचं आहे.

तपासायला प्रयोगशाळेची गरज नाही. चमचाभर कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना भरपूर आहे. अशा ठिकाणी एक्झोरा आणि अनंताचा हट्ट सोडून बोगनवेल, मेंदी, कण्हेर, कोयनेल यांच्याकडे वळावं. किंवा दीड फुटापर्यंतचं राबिट काढून नवी माती भरायची तयारी ठेवावी.

दुसरी तपासणी पाण्याची. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. त्यामुळे कुंपणाच्या झाडाला चार महिने पाण्यात आणि पुढे उन्हाळ्याच्या टोकापर्यंत तहानेत, अशी दोन्ही आयुष्यं काढावी लागतात. मेमध्ये पट्टीत फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसत असेल तर त्या जागी पावसाळ्यात मुळं गुदमरणार. मुळांना मातीतली हवा लागते, आणि पाण्याने सगळ्या पोकळ्या भरल्या की ती संपते. अशी जागा कर्दळ, सोनटक्का, अळू यांना द्या, ती तिथे आनंदाने वाढतात. नाहीतर मातीचा वरंबा करून त्यावर झुडपं लावा.

भिंतीच्या तळाशी पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. ती मातीने, मुळांनी बुजू देऊ नका. भिंतीमागची माती पाण्याने फुगली की तिचा सगळा भार भिंतीवर येतो. पावसाळ्यात कुंपणाच्या जुन्या भिंती कोसळतात त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

भिंतीपासून किती अंतर?

मूळ भिंत फोडायला येत नाही, ते ओल आणि हवा शोधत येतं. झाडाची पोसणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात. त्यांना भिंतीच्या पायाजवळ फट सापडली की ती आत शिरतात, आणि मग मूळ वर्षागणिक जाड होत जातं. म्हणून अंतर रोपाच्या आजच्या आकारावर नाही, पूर्ण वाढलेल्या खोडावर ठरवायचं.

दोन फुटांच्या पट्टीत झुडूपच शोभतं, भिंतीपासून सव्वा फुटावर. पारिजातकासारख्या लहान झाडाला निदान पाच-सहा फूट द्यावेत. ताम्हण किंवा बहाव्याला दहा फूट, आणि सोनचाफा, आंबा, फणस यांना पंधरा फूट किंवा जास्त. एवढी जागा फक्त प्लॉटच्या एखाद्या कोपऱ्यात सापडते. सापडली तर तिथे एकच झाड लावा, पण त्याच्या खोडाभोवती माती मोकळी ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत खोडाभोवतीचा एक मीटर काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. खोडाला पेव्हर ब्लॉक आवळले की मूळ गुदमरतं आणि झाड वाऱ्यात उन्मळतं. म्हणून तो मीटर आपल्याही आवारात पाळण्यासारखा आहे.

खणण्याआधी जमिनीखालचंही विचारून घ्या. पाण्याची वाहिनी, पाइप गॅस, विजेची केबल, ड्रेनेजचे चेंबर हे सगळं बहुधा याच पट्टीतून गेलेलं असतं. उंच इमारतीत अग्निशमन गाडीसाठी मोकळी सोडलेली जागा असते, तिच्यात झाडाची एक फांदीही येता कामा नये.

आता झाडं

छाटून ठेवायच्या हिरव्या कुंपणासाठी या भागात कोयनेलइतकं भरवशाचं काही नाही. मूळचं ते खाडीकाठचं, खारं वारं आणि ओल दोन्ही सोसणारं. पान कडू, त्यामुळे जनावर तोंड लावत नाही. पावसाळ्यात फांदी खोचली तरी रुजते. त्याची मागणी एकच, पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी कात्री. ती देणारं कोणी नसेल तर कोयनेल वर्षभरात रस्त्यावर येतं. मेंदी याहून कोरड्या, कडक उन्हाच्या जागेची. तिला साचलेलं पाणी चालत नाही, पण एकदा मुरली की उन्हाळ्यात फार पाणी मागत नाही. छाटणी थोडी सैल सोडली तर तिच्या बारीक फुलांचा वास संध्याकाळी गल्लीभर जातो.

अर्ध्या उन्हातल्या आडोशासाठी माझी पहिली पसंती कुंतीला. नर्सरीत ती कामिनी नावाने मिळते. वाढ हळू, म्हणून छाटणी कमी, पान गर्द आणि चकचकीत, फुलांचा बहर आला की सुगंध दारापर्यंत. ती लिंबाच्या कुळातली आहे, त्यामुळे कॉमन मॉरमॉन फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. शेजारी एखादं लिंबाचं झाड असेल तर ब्लू मॉरमॉनही येऊ शकतं, २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवलेलं. त्यांच्या अळ्या चार पानं खातात, तेवढी त्यांना खाऊ द्यावीत. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याच्या ओवळेकर वाडी फुलपाखरू उद्यानात जाऊन आलं, की अळीला जागा दिल्याशिवाय फुलपाखरू येत नाही हे डोळ्यांनी पाहता येतं.

अडुळसाही अर्ध्या उन्हात उत्तम. त्याला कीड कमी, गुरं खात नाहीत, पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि फांदीपासून लागतो. रोज पाणी घालणारं कोणी नाही अशा मागच्या बाजूला तो विश्वासाने लावावा.

फुलांच्या कुंपणात जास्वंद आणि तगर यांची जोडी नौपाड्याला नवी नाही. सकाळी परडी घेऊन निघालेल्या आजी कोणत्या भिंतीवरून कोणती फांदी बाहेर येते हे बरोबर जाणून असतात, आणि गणपतीच्या दहा दिवसांत लाल जास्वंदीला सगळ्या गल्लीतून मागणी असते. जास्वंदीला चार-पाच तास ऊन हवं. तिचा मोठा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. कोवळ्या टोकांवर पांढरा कापूस दिसला की ती टोकं कापून पिशवीत बंद करावीत आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल व थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावं. एका ओळीत सगळ्याच जास्वंदी लावू नयेत, एकीवरची कीड ओळीच्या टोकापर्यंत जाते. मधे तगर घातली की ही साखळी तुटते. तगर कमी उन्हातही पांढरी फुलं देत राहते.

पूर्ण ऊन, थोडी माती आणि भिंतीवरून कोणी येऊ नये अशी इच्छा, हे तिन्ही जिथे एकत्र येतं तिथे करवंद लावा. सह्याद्रीची ही काटेरी जाळी पहिली दोन वर्षं हळू वाढते, पण पुढे पाणी फारसं मागत नाही आणि उन्हाळ्यात फळ देते. बोगनवेलही याच जागेची. तिला ओल कमी मिळाली की फुलं जास्त येतात, म्हणून डिसेंबर ते मे ती रंगते आणि पावसाळ्यात नुसती पानांनी भरते. तिचे काटे चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नयेत.

जाळीच्या किंवा गजांच्या कुंपणाला वेल हवा. हलक्या जाळीवर गोकर्ण, मायाळू, तोंडली चढवा. गोकर्ण जूनमध्ये बी टोकलं की त्याच पावसाळ्यात फुलतो आणि द्विदल असल्याने मातीत नत्र घालतो. जुई आणि जाई यांना ऊन हवं आणि थंडी सरताना छाटणी हवी. मधुमालती मात्र वजनदार वेल आहे. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी आणि पुढे लाल होत जातात, म्हणून एकाच घोसात तीन रंग दिसतात. तिच्या लांब नळीतला मध रात्री उडणारे पतंग पितात. तिला लोखंडी कमान किंवा भक्कम मांडव द्या, पातळ जाळी ती वाकवते.

सावलीच्या पट्टीत फुलांचा आग्रह सोडावा. तिथे पानांचं सौंदर्य शोधावं. ड्रॅसीना, फिलोडेंड्रॉन, ऱ्हापिस पाम अशी पानांची झाडं तिथे चांगली दिसतात. ओलसर सावलीत सोनटक्का लावला तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात पांढरी सुगंधी फुलंही मिळतात, आणि थोडंसं ऊन येत असेल तर सोबत हळद लावता येते.

काय लावू नये

वड, पिंपळ, उंबर ही झाडं मोठ्या मोकळ्या जागेची शान आहेत, भिंतीची नाहीत. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्यांचं बी भिंतीच्या फटीत पडतं आणि रुजतं. दोन पानांचं असतानाच ते मुळासकट काढा. नुसतं कापलं तर मूळ आत जाड होत राहतं. भिंतीला चिकटून चढणारा फायकसचा वेल दिसायला देखणा असतो, पण जुन्या प्लास्टरवर तो ओल धरून ठेवतो.

भराभर वाढतं म्हणून गेल्या काही वर्षांत कोनोकार्पस खूप विकला गेला. त्याच्या परागांमुळे होणारा त्रास आणि वाहिन्यांत शिरणारी मुळं यांमुळे गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सहा महिन्यांत आडोसा देणारं झाड पुढची वीस वर्षं कात्रीचा खर्च मागतं, हे सभेत स्पष्ट सांगायला हवं. घाणेरी रंगीत असली तरी पक्षी तिचं बी येऊरच्या जंगलापर्यंत नेऊ शकतात, आणि तिथे ती स्थानिक झाडोऱ्याची जागा बळकावते. गुलमोहर आणि शेवगा यांची फांदी ठिसूळ, खाली गाड्या लागतात तिथे नको.

कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी ही टिकाऊ झाडं आहेत, पण दोन्हींचे सगळे भाग विषारी आहेत. बिट्टीची बी तर विशेष घातक. लहान मुलं खेळतात त्या बाजूला ती लावू नयेत. डुरंटाच्या पिवळ्या फळांबाबतही हीच काळजी घ्यावी.

लागवड: मेमध्ये खणा, पावसात लावा

एकेका रोपासाठी खड्डा खणण्यापेक्षा सलग चर घ्या. भिंतीला लागून वीतभर माती तशीच सोडा आणि पुढे सव्वा फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा. भिंतीचा पाया उघडा पडेल इतकं खोल जाऊ नका. तीस फुटांच्या चरातून सुमारे ५६ घनफूट माती आणि राबिट निघेल, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा थोडं जास्त. परत भरताना दोन वाटे चांगली माती आणि एक वाटा कुजलेलं शेणखत किंवा सोसायटीच्याच ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट, वर थोडी निंबोळी पेंड. शेणखत ताजं नको, ते कुजताना तापतं आणि मुळं भाजतात. चर आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या, मग भरा.

रोपं मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा. कोयनेलच्या फांद्या थेट चरात खोचायला जुलै उत्तम. अंतर पाळा: कोयनेल आणि मेंदी फुटाफुटावर, कुंती दीड फुटावर, जास्वंद आणि तगर तीन फुटांवर. तीस फुटांत ती अनुक्रमे तीस, वीस आणि दहा रोपं होतात. पट्टी रिकामी दिसते म्हणून दुप्पट लावायचा मोह होतो. दुसऱ्या वर्षी तीच झाडं एकमेकांच्या सावलीत खालून उघडी पडतात.

नर्सरीत सर्वांत उंच रोप घेऊ नका. बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेलं, पानं तजेलदार असलेलं, पिशवीच्या तळातून मुळांचा गुंता बाहेर न आलेलं रोप घ्या. पिशवीत वेटोळं घातलेली मुळं जमिनीतही वेटोळीच राहतात. घोडबंदर रस्त्यावर नर्सरी भरपूर आहेत. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचं ‘वृक्षवल्ली’ प्रदर्शन भरतं तेव्हा तिथे जाऊन वाढलेली झाडं आधी पाहिली तर निवड आणखी पक्की होते.

पहिली दोन वर्षं

रोप फूटभर झालं की त्याचा शेंडा एक तृतीयांश कापा. हे करताना जीव हळहळतो, पण दाटपणा इथेच ठरतो. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी तीन-चार फुटतात. पुढच्या प्रत्येक अर्ध्या फुटाच्या वाढीनंतर हेच करा. उंची मिळायला एक वर्ष जास्त लागेल, पण कुंपण जमिनीपासून भरलेलं राहील.

आकार देताना तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवा. माथा रुंद झाला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती गळतात आणि कुंपणाचे पाय उघडे पडतात. फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंची अडीच फुटांच्या वर जाऊ देऊ नका. गाडी बाहेर काढणाऱ्याला रस्त्यावरचं मूल दिसलं पाहिजे.

पाण्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होत नाही, ती ऑक्टोबरच्या उन्हात होते. पाऊस थांबला, माती वरून तडकली, आणि रोपाची मुळं अजून उथळ आहेत, असा तो काळ. पहिल्या वर्षी ऑक्टोबरपासून पुढच्या जूनपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा भरपूर पाणी द्या. रोज शिंपडलेलं थोडं पाणी मुळांना वरच ठेवतं, अंतराने दिलेलं भरपूर पाणी त्यांना खाली नेतं. सोसायटीत पडणारा पालापाचोळा पेटवू नका. त्याचा तीन-चार बोटं जाड थर चरावर पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. ओल टिकते, तण कमी येतं आणि दोन वर्षांत तीच माती होते. झुडपांमागे रिकाम्या कुंड्या, डबे, थाळ्या ठेवू नका, पावसाळ्यात डास तिथेच वाढतात.

शेजारी आणि कायदा

कुंपण दोघांचं असतं. चर खणण्याआधी पलीकडच्या सोसायटीला सांगा, कोणतं झाड लावतोय आणि त्यांच्या बाजूला जाणाऱ्या फांद्या कोण छाटणार ते ठरवून लिहून ठेवा. पुढचे वाद बहुधा झाडावरून होत नाहीत, गळलेली पानं कोणी झाडायची यावरून होतात.

आधीपासून उभ्या असलेल्या झाडांना हात लावण्यापूर्वी १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लक्षात ठेवा. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. झाड आपल्या आवारात असलं तरी हाच नियम. मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तरी आधी प्राधिकरणाकडे अर्ज करावा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा म्हणून वेगळं संरक्षण दिलं आहे. नौपाड्यातल्या जुन्या आवारांत असा आंबा-फणस उभा असेल, तर नवं कुंपण त्याच्या मुळांना वळसा घालून आखावं.

एका आवाराची आखणी

हे सगळं एकत्र कसं बसतं ते पाहू. फाटक पश्चिमेला, दक्षिणेला गल्ली, उत्तरेला शेजारची इमारत, पूर्वेला मागची अरुंद वाट, असं एक आवार धरा. पश्चिमेला तापणाऱ्या भिंतीशी मेंदी, फाटकाजवळ उंची आखडलेली. दक्षिणेच्या भिंतीची आवाराकडली बाजू म्हणजे तिची उत्तर बाजू. थंडीत तिथे सावली असते, म्हणून तिथे कुंती, आणि जिथे ऊन जास्त वेळ टिकतं त्या टोकाला तगर. उत्तरेच्या भिंतीची आवाराकडली बाजू दक्षिणेला तोंड करून असते. इमारत मधे येत नसेल तर आवारातलं सर्वांत चांगलं ऊन तिथेच, म्हणून तिथे जास्वंद आणि तगर आलटूनपालटून, आणि इमारतीची सावली पडते तेवढ्या भागात अडुळसा. पूर्वेच्या ओलसर वाटेला सोनटक्का आणि अळू. एखादा कोपरा मोकळा सापडला तर तिथे पारिजातक, भिंतीपासून सहा फूट आत, खोडाभोवती एक मीटर उघडी माती ठेवून.

तुमचं आवार याहून वेगळं असेल, पण प्रश्न हेच राहतील. काम, ऊन, माती, अंतर यांची उत्तरं एका कागदावर लिहा, सोसायटीच्या सभेत वाचून दाखवा आणि तोच कागद घेऊन नर्सरीत जा. नौपाड्यात उघडी जमीन आता वाढणार नाही, आहे तेवढीच नीट वापरायची आहे. या दोन फुटांत योग्य झाड लागलं तर वीस वर्षं आत राहणाऱ्यांना आडोसा, बाहेरून जाणाऱ्यांना फूल आणि फुलपाखरांना घर मिळतं. त्यासाठी खडूच्या खुणा आणि चार प्रश्नांची उत्तरं, एवढी तयारी मृगाआधी सहज होण्यासारखी आहे.